चारशे आयनांचा कारभार

मावशीची अँजिओप्लास्टी होऊन दीड महिना झाला होता. गोळ्यांच्या डब्यात सकाळच्या खणात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दुपारच्या खणात कॅल्शियमची ती जाडजूड पांढरी गोळी, रात्रीच्या खणात ब्लडप्रेशरची ॲम्लोडिपिन. एके दिवशी तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "अगं, कॅल्शियममुळे रक्त गोठतं ना? मग एका गोळीनं रक्त पातळ करायचं, दुसरीनं घट्ट करायचं, आणि ही तिसरी म्हणे कॅल्शियमच अडवते. तिघींची भांडणं नाही का लागणार पोटात?"

नाही लागत. पण का नाही लागत, हे सांगायला बसले तेव्हा लक्षात आले की प्रश्न साधा असला तरी उत्तराला शंभरेक वर्षांच्या संशोधनाची वाट तुडवावी लागते, आणि ती वाट अजून संपलेली नाही.

गोष्ट प्लेटलेटची आहे. डेंग्यूच्या मोसमात घरोघरी जिचा आकडा विचारला जातो, ती ही. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. व्यास दोन-तीन मायक्रोमीटर, म्हणजे लाल पेशीच्या निम्म्याहूनही कमी. केंद्रक नाही. अस्थिमज्जेतल्या अवाढव्य मेगाकॅरिओसाइट पेशींचे हे तुकडे सात ते दहा दिवस रक्तात फिरतात. बहुतेक प्लेटलेट्स आयुष्यात काहीही न करता प्लीहेत किंवा यकृतात निकालात निघतात. ज्यांच्या वाटेत फाटलेली रक्तवाहिनी येते त्यांना मात्र काही सेकंदांत ठरवावे लागते की चिकटायचे की पुढे जायचे. चुकून चिकटली तर हृदयविकाराचा झटका, चिकटायची राहिली तर रक्तस्राव. त्या निर्णयाची नाडी प्लेटलेटच्या आतल्या कॅल्शियममध्ये सापडते.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमपीव्ही नावाची एक ओळ असते, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. प्लेटलेटचे सरासरी आकारमान. समजा ते 8 फेम्टोलिटर आहे. विसावलेल्या प्लेटलेटच्या आतल्या द्रवात मोकळे कॅल्शियम सुमारे 100 नॅनोमोलर असते. गुणाकार केला तर आकडा येतो 480, आणि आतल्या पिशव्यांनी व्यापलेली जागा वजा केली तर धरा चारशे. लाख नव्हे, हजार नव्हे, चारशे मोकळे आयन. बाहेरच्या प्लाझ्मात मोकळे कॅल्शियम 1.2 मिलिमोलरच्या आसपास असते. तेवढ्याच जागेत तिथे 58 लाख आयन मावतात. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून चित्र स्पष्ट होते. पटलाच्या एका बाजूला अठ्ठावन्न लाखांची गर्दी, दुसऱ्या बाजूला चारशे. धरणाच्या भिंतीला एक झडप उघडली की काय होईल ते वेगळे सांगायला नको. उघडल्यावर आतला आकडा दसपट होतो, चार हजारांवर जातो, आणि प्लेटलेट पूर्ण जागी व्हायला तेवढे पुरते.

इथेच मावशीच्या गोंधळाचे मूळ आहे. रक्त गोठण्यात कॅल्शियम दोन ठिकाणी लागते, आणि ही दोन कॅल्शियम एक नव्हेत. मॉरिस आर्थस आणि कालिक्स्त पाजेस या फ्रेंच संशोधकांनी 1890 साली दाखवले की रक्तात ऑक्झलेट घालून कॅल्शियम काढून घेतले तर ते गोठतच नाही. ते बाहेरचे कॅल्शियम. गोठण घटकांची प्रथिने पटलाला चिकटायला ते लागते. ब्लड बँकेच्या पिशवीतले सायट्रेट त्यालाच धरून ठेवते. या बाहेरच्या कॅल्शियमची पातळी पॅराथायरॉइड ग्रंथी इतकी काटेकोर राखते की दुपारची गोळी घेतली न घेतली तरी तिच्यात गोठण्यावर परिणाम होईल एवढा फरक पडत नाही. आतले कॅल्शियम मात्र निरोप आहे, आणि निरोपाचा अर्थ तो कोणी, कधी आणि किती वेळ दिला यावर ठरतो. या लेखाचा विषय ते आतले.

बाहेरच्या कॅल्शियमचा एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो अधूनमधून घडतो. ठणठणीत माणूस विम्यासाठी तपासणी करतो आणि प्लेटलेट येतात 38 हजार. अंगावर एक डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही. घरात रडारड. अनुभवी तंत्रज्ञ अशा वेळी काचपट्टीवर स्मिअर काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तर कडेला प्लेटलेट्सचे घोसच्या घोस. म्हणजे प्लेटलेट्स आहेत, यंत्राला त्या मोजता आल्या नाहीत. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असते. ते कॅल्शियम ओढून घेते. प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे अल्फा-टू-बी-बीटा-थ्री हे प्रथिन कॅल्शियमच्या आधाराने आपला आकार टिकवून असते. आधार निघाला की त्याचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो, आणि काही माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडे नेमकी तिथे चिकटून प्लेटलेट्सची मोळी बांधतात. हजारात एखाद्याचे असे होते. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घ्यायचे, आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचे, आणि बहुतेक वेळा दोन-अडीच लाख निघतात. शरीरात काहीच बिघडलेले नसते. बिघाड बल्बमध्ये असतो.

आता आत शिरू. आत शिरणे हीच मोठी अडचण होती. गुस्ताव बॉर्न यांनी 1962 साली लंडनमध्ये एक सोपे यंत्र बनवले: प्लेटलेट्सच्या गढूळ द्रवातून प्रकाश सोडायचा, प्लेटलेट्सना डिवचणारे एडीपी घालायचे, प्लेटलेट्स गोळा झाल्या की द्रव नितळतो, प्रकाश जास्त येतो. (हे गुस्ताव म्हणजे भौतिकीतले नोबेलविजेते मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव, मॅक्स बॉर्न 1935-36 मध्ये रामन यांच्या बोलावण्यावरून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने होते.) ते यंत्र आजही मोठ्या प्रयोगशाळांतून चालते. पण ते परिणाम दाखवते, कारण नाही. दोन-तीन मायक्रोमीटरच्या पेशीत काचेची सुई खुपसून कॅल्शियम मोजणे शक्यच नव्हते.

ती कोंडी फोडली रॉजर चेन यांनी, केंब्रिजमध्ये. त्यांनी कॅल्शियम धरल्यावर जास्त चमकणारे क्विन-2 हे रसायन बनवले. पण त्याच्यावर विद्युतभार असल्याने ते पटलातून आत जाईना. मग चेन यांनी त्याला एस्टरचा मुखवटा चढवला. मुखवट्यासकट ते सहज आत शिरते; आत गेल्यावर पेशीचीच विकरे मुखवटा कापून टाकतात, आणि रसायन आत अडकते. घुसखोराला घरच्यांनीच कोंडून ठेवावे तसे. 1982 साली टिमोथी रिंक, स्मिथ आणि चेन यांनी हेच मानवी प्लेटलेट्समध्ये भरले आणि पहिल्यांदा आतला आकडा वाचता आला. विसाव्याला 100 नॅनोमोलर, हा आकडा त्याच काळचा. 1985 साली त्याहून सरस फुरा-2 आले. चेन यांना पुढे 2008 मध्ये नोबेल मिळाले ते जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी; पण प्लेटलेटवाल्यांच्या लेखी त्यांचे खरे ऋण हे मुखवट्याचे.

रिंक यांच्या प्रयोगातली गंमत वेगळीच होती. कृत्रिम रसायनाने कॅल्शियम आत ढकलले तर प्लेटलेटचा आकार बदलायला आणि तिच्यातले दाणे बाहेर पडायला ते बरेच चढावे लागे. पण थ्रॉम्बिन या गोठण घटकाने डिवचले तर त्याहून कमी कॅल्शियमलाही काम होई. म्हणजे कॅल्शियमच्या जोडीला दुसरा कोणी तरी होता. तो सापडला जपानमध्ये, कोबेला. यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने प्लेटलेट्सवरच काम करून दाखवले की पटलातल्या मेदापासून सुटणारा डायॲसिलग्लिसरॉल हा रेणू प्रोटीन कायनेज सी या विकराला जागे करतो. हे विकर थ्रॉम्बिन लागताच ज्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवते त्याचे नाव पुढे प्लेक्स्ट्रिन पडले. आज शेकडो प्रथिनांत आढळणाऱ्या एका घडीला त्याच्यावरून नाव मिळाले आहे. केंद्रक नसलेल्या या तुकड्याने पेशीविज्ञानाला दिलेले हे देणे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता साखळी जोडता येते. जखमेत उघडे पडलेले कोलॅजेन प्लेटलेटच्या जीपी-सिक्स या रिसेप्टरला धरते. थ्रॉम्बिन पार-1 आणि पार-4 ची टोके कापून त्यांना जागे करते. एडीपी पी-टू-वाय-1 वर बसते, प्लेटलेटनेच बनवलेले थ्रॉम्बॉक्सेन त्याच्या स्वतःच्या रिसेप्टरवर. दारे वेगळी, पण आतल्या वाटा एकाच चौकात येतात: फॉस्फोलायपेज सी. कोलॅजेनच्या वाटेवर सिक आणि बीटीके ही विकरे लागून त्याचा गॅमा-2 प्रकार चालू होतो, थ्रॉम्बिनच्या वाटेवर बीटा प्रकार. दोघेही पटलातल्या पिप-2 या मेदाचे दोन तुकडे करतात. एक तुकडा पटलातच राहतो, तो निशिझुकांचा डायॲसिलग्लिसरॉल. दुसरा पाण्यात विरघळून आत सुटतो, तो आयपी-3. 1983 साली स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत दाखवले की आयपी-3 आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडतो. प्लेटलेटमध्ये हा साठा म्हणजे दाट नलिकांचे जाळे. आयपी-3 त्या जाळ्यावरचे कुलूप उघडतो आणि चारशेचे हजार होतात.

बीटीके हे नाव लक्षात ठेवा. रक्ताच्या काही कर्करोगांवर इब्रुटिनिब हे औषध आले, 2013 मध्ये, ते या विकराला अडवणारे. रुग्णांच्या अंगावर काळेनिळे डाग पडू लागले. कर्करोगाच्या पेशींवर नेम धरला, आणि प्लेटलेटच्या कोलॅजेनच्या वाटेलाही इजा झाली. संदेशवाहक रेणूंवर औषध बनवताना हा धोका पाचवीला पुजलेलाच असतो: तेच विकर दुसऱ्या पेशीत वेगळ्या कामाला जुंपलेले असते.

साठा मात्र लहान. तो रिकामा झाला की पुढे काय? जेम्स पटनी यांनी 1986 साली तर्क मांडला की साठा रिकामा होणे हीच बाहेरचे दार उघडायची खूण असावी. खूण कोण देतो आणि दार कोणते, हे समजायला वीस वर्षे गेली. 2005 मध्ये स्टिम-1 सापडले: साठ्याच्या भिंतीत बसलेले प्रथिन, एक हात साठ्यात बुडवून ठेवलेला. हाताला कॅल्शियम लागेनासे झाले की ते आपल्यासारख्यांची टोळी करून बाहेरच्या पटलापाशी जाते आणि तिथल्या ओराय-1 ला उघडते. ओराय-1 हे 2006 साली हाती लागले. ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दाराची राखण करणाऱ्या देवतांवरून हे नाव, आणि ते देणाऱ्या गटात अंजना राव यांची प्रयोगशाळा होती. दुवा मिळाला एका अवघड आजारातून. ज्या बाळांमध्ये ओराय-1 बिघडलेले होते त्यांची रोगप्रतिकारशक्तीच कोसळलेली होती, कारण टी पेशींनाही हेच दार लागते.

प्लेटलेटमध्ये या दाराचे वजन किती, हे जर्मनीतल्या वुर्ट्झबुर्गच्या बर्नहार्ट नीसवांट यांच्या गटाने 2008 आणि 2009 साली उंदरांवर दाखवले. रक्तपेशींतून स्टिम-1 किंवा ओराय-1 काढून टाकले तर धमनीत गुठळी टिकत नाही, मेंदूतल्या पक्षाघाताचे नुकसान कमी होते, आणि शेपटी कापल्यावर रक्तस्राव मात्र थोडाच वाढतो. औषधवाल्यांना भुरळ पडावी असे हे चित्र. पण दार टी पेशींचेही आहे, ही गोष्ट विसरून कसे चालेल? माझ्या मते ओरायवर गोळी बनवण्याचा उत्साह जरा अधिकच आहे. आयुष्यभर घ्यायच्या औषधाने प्रतिकारशक्तीचे दार लावून घ्यायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

याशिवाय पी-टू-एक्स-1 नावाचे एक चपळ दार आहे. एटीपीने ते क्षणात उघडते आणि तितक्याच लवकर थकते.

इतका वेळ आत येणाऱ्या वाटा झाल्या. बाहेर काढणाऱ्यांची वाट कमी महत्त्वाची नाही, आणि माझ्या मते तिच्याकडे पुस्तकांनी फार दुर्लक्ष केले. पेशीपटलावरचे पंप कॅल्शियम बाहेर फेकतात, साठ्यावरचे सर्का पंप ते पुन्हा साठ्यात भरतात. भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या थॅप्सिया गार्गानिका या झुडपातले थॅप्सिगार्जिन सर्काला बंद पाडते. मग साठा आपसूक झिरपून रिकामा होतो आणि ओराय उघडते. पटनींचा तर्क तपासायला या झुडपाने फार मदत केली. मधुमेहींच्या प्लेटलेट्समध्ये हा निचरा मंदावलेला आणि विसाव्याचे कॅल्शियम चढलेले असल्याचे अनेक प्रयोगशाळांनी नोंदवले आहे. मधुमेहींच्या प्लेटलेट्स लवकर बिथरतात, त्यामागचे हे एक कारण.

निचऱ्याच्या वर लगाम. निरोगी रक्तवाहिनीचे अस्तर सतत दोन निरोप पाठवत असते. एक प्रोस्टासायक्लिन, जे 1976 साली मोनकाडा, ग्रिग्लेव्स्की, बंटिंग आणि जॉन वेन यांनी शोधले. ते प्लेटलेटमध्ये सायक्लिक एएमपी वाढवते. दुसरा नायट्रिक ऑक्साइड. तो सायक्लिक जीएमपी वाढवतो. या दोन्हींमुळे जागी होणारी कायनेजेस आयपी-3 च्या कुलपावर, किंवा त्याच्या शेजाऱ्यावर, फॉस्फेट चिकटवून ते घट्ट करून टाकतात. म्हणजे प्लेटलेट स्वभावाने शांत नसते. तिला मिनिटामिनिटाला गप्प बसवलेले असते. अस्तर फाटले की डिवचणारे येतात आणि गप्प बसवणारे जातात, दोन्ही एकदमच. ही जोडी किती मोलाची आहे याचा धडा 2004 साली मिळाला. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध प्रोस्टासायक्लिन कमी करत होते, पण प्लेटलेटमधले थ्रॉम्बॉक्सेन तसेच ठेवत होते. लगाम सुटला, टाच लागतच राहिली. हृदयविकाराचे झटके वाढल्याचे दिसले आणि औषध बाजारातून मागे घेतले गेले. उलट बाजूने, डायपिरिडॅमोल आणि पायांच्या रक्तपुरवठ्यासाठी दिले जाणारे सिलोस्टॅझोल हे सायक्लिक एएमपीचा नाश अडवून लगाम खेचून धरतात.

मग कॅल्शियम वाढून नेमके होते काय? ते कॅल्मोड्युलिनला धरते, मायोसिन आकसते, चपटी बशी काटेरी गोळा बनते. दाणे पटलाशी जाऊन फुटतात आणि त्यातले एडीपी बाहेर पडून शेजारणींना डिवचते. एक फॉस्फोलायपेज पटलातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटे करते, सायक्लोऑक्सिजनेज त्याचे थ्रॉम्बॉक्सेन बनवते, आणि ते बाहेर जाऊन पुन्हा कॅल्शियम वाढवते. मावशीची ॲस्पिरिन इथे बसते: सायक्लोऑक्सिजनेजला कायमचे निकामी करून. इतर पेशी नवे विकर बनवतात, प्लेटलेटला केंद्रक नाही, तिचा उरलेला जन्म तसाच जातो. आणि सर्वांत नाजूक काम कॅलडॅग-जीईएफ-1 या प्रथिनाचे. कॅल्शियम जरासे हलले तरी याला कळते. ते रॅप-1 ला चालू करते, रॅप-1 मुळे अल्फा-टू-बी-बीटा-थ्री आतून ताठ होते आणि फायब्रिनोजेनला धरते. एका प्लेटलेटवर अशी सुमारे 80 हजार प्रथिने. फायब्रिनोजेनला दोन्ही टोकांनी धरता येते, त्यामुळे एक प्लेटलेट दुसरीशी सांधली जाते, तिसरी दुसरीशी, आणि गुठळी होते.

पण रॅप-1 ला मागे ओढणारा रासा-3 नावाचा एक ब्रेक आहे. कॅल्शियमने ॲक्सिलरेटर दाबला तरी ब्रेक लागलेला असेल तर गाडी थोडी सरकून थांबते. एडीपी आपल्या दुसऱ्या रिसेप्टरवरून, म्हणजे पी-टू-वाय-12 वरून, हा ब्रेक सोडवते आणि जोडीला सायक्लिक एएमपीही खाली आणते. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर, सगळी याच पी-टू-वाय-12 वर बसतात. म्हणजे मावशीच्या सकाळच्या दोन गोळ्यांपैकी एकही थेट कॅल्शियमला हात लावत नाही. एक त्याची प्रतिध्वनीची फेरी तोडते, दुसरी त्याच्या विरुद्ध ब्रेक दाबून ठेवते. पन्नासेक वर्षांच्या औषधशास्त्राचा निष्कर्ष हाच दिसतो की कॅल्शियमला थेट भिडणारे हरले आणि आजूबाजूच्या निरोप्यांना अडवणारे जिंकले.

फायब्रिनोजेनच्या गाठीवर घाव घालणारे औषधही आहे, आणि त्याचा उगम कोकणातल्या माणसाला ओळखीचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर ज्याच्या नुसत्या नावाने लोक काठी शोधतात, त्या फुरशाच्या जातीच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे प्रथिन आहे. ते अल्फा-टू-बी-बीटा-थ्रीला धरून बसते. त्याचा नमुना घेऊन टायरोफायबॅन बनले आणि 1998 साली वापरात आले. आज कॅथ लॅबमध्ये गुठळीने भरलेली धमनी उघडताना ते शिरेतून देतात. फुरशाचा दंश झालेल्याच्या हिरड्यांतून रक्त का येते, याच्या अनेक कारणांपैकी एक तेच.

अल्फा-टू-बी-बीटा-थ्रीविना जन्मलेली मुलेही असतात. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी 1918 साली या आजाराचे वर्णन केले. प्लेटलेटचा आकडा ठीक, आतले कॅल्शियमही नेमाने चढते, पण शेवटची गाठ बसत नाही आणि नाकातून रक्त थांबत नाही. नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत हा आजार जास्त दिसतो. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीने भारतातल्या अशा कुटुंबांच्या जनुकांचा अभ्यास केला आहे. निदान एवढ्यावरच थांबत नाही. पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला देता येतो.

आता सर्वांत अवघड भाग, तालाचा. फुरा-2 भरलेली एकच प्लेटलेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर कॅल्शियम वाढून थांबत नाही. ते उसळते, ओसरते, पुन्हा उसळते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या योहान हेमस्केर्क यांनी नव्वदच्या दशकात या ठिणग्यांचे आलेख काढले. थोड्या ठिणग्या असतील तर प्लेटलेट सैल चिकटते आणि सुटूही शकते. कॅल्शियम खूप चढून तिथेच राहिले तर तिचा कायापालट होतो: मायटोकॉन्ड्रिया फुटायला येतात, पटल उलटते, आतला फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येतो आणि त्यावर गोठण घटकांचा बाजार भरतो. ही प्लेटलेट आता परत फिरत नाही. एका गुठळीतही दोन वस्त्या असतात: जखमेला लागून थ्रॉम्बिनने पेटवलेला घट्ट गाभा, आणि त्याच्यावर एडीपीच्या जोरावर टिकलेले सैल कवच. तेच आयन, तेच दार, वेगळा ताल, वेगळे नशीब.

याचा पुरावा दोन दुर्मिळ आजारांनी दिला. स्कॉट सिंड्रोममध्ये पटल उलटवणारे टीएमईएम-16-एफ हे प्रथिन बिघडलेले असते. 2010 साली नागाता यांच्या गटाने ते ओळखले. प्लेटलेट्स नीट गोळा होतात, पण बाजार भरत नाही, आणि रुग्णाला रक्तस्राव होतो. स्टॉर्मोर्केन सिंड्रोम, नॉर्वेत 1985 साली वर्णन झालेला, याच्या बरोबर उलट. तिथे स्टिम-1 कायम चालू, ओरायचे दार सताड उघडे, प्लेटलेट्स जन्मापासून पेटलेल्या. अशा माणसाला गुठळ्यांनी ग्रासावे अशी आपली अटकळ. पण त्यालाही रक्तस्रावच होतो. ज्या फौजेला रोज युद्धाचा भोंगा ऐकवला, ती खरे युद्ध आले तेव्हा दमलेली असते, आणि तिच्यातले अनेक जण आधीच हटवले गेलेले असतात. कॅल्शियम म्हणजे चालू-बंदचे बटण ही पाठ्यपुस्तकी समजूत इथे मोडून पडते.

ब्लड बँकेतली एक जुनी कटकटही याच कॅल्शियमशी बांधलेली आहे. लाल पेशी फ्रिजमध्ये पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्सची पिशवी मात्र 20 ते 24 अंशांवर सतत हलणाऱ्या तबकावर जेमतेम पाच दिवस. डेंग्यूच्या साथीत नातेवाईक रात्री-अपरात्री धावतात ते या पाच दिवसांमुळे. थंडी लागली की पटल घट्ट होते, कॅल्शियम आत झिरपू लागते, बशीचा गोळा होतो आणि शरीरात दिल्यावर यकृत तिला लगेच उचलते. म्हणून 1969 साली मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवल्यापासून खोलीच्या तापमानाची रीत पडली. अलीकडे अमेरिकेत उलटा विचार सुरू झाला आहे: रक्त वाहतच असेल तर थोडी जागी झालेली प्लेटलेट उपयोगाचीच. तिथे अशा रुग्णांसाठी 14 दिवसांपर्यंत थंड ठेवलेल्या प्लेटलेट्सना परवानगी आहे. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी पिशव्या पोहोचेपर्यंत मुदत संपते, हे पाहता हा प्रयोग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा ठरावा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पर्विस, चॅटर्जी, ब्रास आणि डायमंड यांनी 2008 मध्ये विसावलेली प्लेटलेट आणि तिची पी-टू-वाय-1 ची वाट संगणकात उभी केली. 77 रासायनिक क्रिया मांडल्या. चारशे आयनांच्या जगात एखादे कुलूप जरा लवकर उघडले तरी आलेख बदलतो, त्यामुळे दोन शेजारणींचे वागणे सारखे नसणार, हे त्यांच्या गणितातूनही निघाले. ठिणग्यांचा ताल यादृच्छिक किती आणि ठरवलेला किती, हा प्रश्न आज उघडा आहे. तसाच साठ्यांचा: नलिकांच्या जाळ्याखेरीज आम्लधर्मी पिशव्यांतूनही, एनएएडीपी या निरोप्यामार्फत, कॅल्शियम सुटते, पण वाहत्या रक्तात त्याचा वाटा किती यावर एकमत नाही. आणखी एक गोष्ट मला खटकते. यातले बहुतेक प्रयोग धुतलेल्या, बाटलीत शांत बसलेल्या प्लेटलेट्सवर झाले. अरुंद धमनीत त्या ज्या धारेत घुसळल्या जातात, ती धार स्वतःच कॅल्शियम हलवते.

मावशीला यातले सगळे काही सांगितले नाही. रात्रीच्या गोळीचे सांगितले: ॲम्लोडिपिन अडवते ती विजेच्या दाबाने उघडणारी कॅल्शियमची दारे, आणि ती दारे रक्तवाहिनीच्या स्नायूंत असतात. प्लेटलेटचा कारभार त्या दारांवर चालत नाही, म्हणून तिने ब्लडप्रेशर उतरते, रक्त पातळ होत नाही. दुपारची गोळी हाडांसाठी आहे, ती चालू दे.

तिने पुढचा प्रश्न विचारला तो जास्त महत्त्वाचा होता. पुढच्या आठवड्यात दाढ काढायची होती आणि शेजारच्या काकूंनी सांगितले होते की सकाळच्या दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेव. रोज रक्तातल्या साधारण एक दशांश प्लेटलेट्स नव्या येतात, गोळीचा स्पर्श न झालेल्या. गोळी थांबवली की चार-पाच दिवसांत निम्म्याच्या आसपास फौज ताजी असते, आणि दीड महिन्याच्या स्टेंटवर अजून अस्तर नीट चढलेले नसते. दाढेतून येणारे रक्त कापसाचा बोळा दाबून थांबते. स्टेंटमधली गुठळी तशी थांबत नाही. तुमच्या घरच्या डब्यातही या दोन गोळ्या असतील, तर दंतवैद्यांना त्या दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका.